मेल्टन मोब्रेचे पूर्वज: एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश बाजारगावात घराणं कसं शोधायचं

इंग्लंडमधलं घराणं शोधायला बसलं की बहुतेक जण एकच करतात, एखादी मोठी वेबसाइट उघडायची, नाव टाकायचं, अंदाजे जन्मसाल टाकायचं आणि समोर जो पहिला विल्यम येईल तोच आपला समजून वंशवृक्षात घालून मोकळं व्हायचं. एकोणिसाव्या शतकात तिकडे विल्यम, जॉन, थॉमस, मेरी, एलिझाबेथ इतके भरमसाट आहेत की असं केलं तर दोन पिढ्यांत तुम्ही भलत्याच कुणाच्या घरात शिरता, आणि वाईट म्हणजे ते कळतही नाही. म्हणून माझं आधीच सांगणं, माणूस शोधायचा तर आधी त्याचं गाव समजून घ्या. तिथे कामं कोणती होती, बाजार कधी भरायचा, आसपासची खेडी कोणती, लोक कुठल्या चर्चला जायचे, हे माहीत असलं की तोच कागद दुप्पट माहिती देतो.

मी इथे लेस्टरशायरमधलं मेल्टन मोब्रे हे गाव घेतलंय, कारण माझ्या नवऱ्याच्या आजीकडचं घराणं तिथलं. आता इकडे लेस्टर, लंडन, बर्मिंगहॅमला आपल्या कितीतरी मुलामुलींची लग्नं इंग्लिश घरांत झालीत, आणि त्यांच्या पोरांना दोन्हीकडचे पूर्वज माहीत असायला हवेत असं मला मनापासून वाटतं. गाव दुसरं असलं तरी पद्धत हीच, फक्त आर्काइव्ह आणि वर्तमानपत्रांची नावं बदलतील.

आधी गाव

मेल्टन म्हणजे आपल्याकडच्या आठवडी बाजाराच्या तालुक्याच्या गावासारखं गाव, मंगळवारी गुरांचा बाजार, चहूबाजूंच्या खेड्यांतून लोक यायचे, त्यातले काही कामाला राहायचे आणि तिथलेच होऊन जायचे. आसपास स्टिल्टन चीज बनायचं, चीज करताना उरलेलं पाणी डुकरांना घातलं जायचं, त्यामुळे डुकरं भरपूर, त्यातून पोर्क पाय, म्हणजे डुकराच्या मांसाचं सारण भरून भाजलेला खाद्यपदार्थ. १८३१ च्या सुमारास एडवर्ड ॲडकॉक नावाच्या बेकरने हे पाय लंडनला पाठवायला सुरुवात केली. तिसरी गोष्ट कोल्ह्याची शिकार. श्रीमंत लोक हिवाळ्यात मेल्टनला घोडे घेऊन मुक्कामाला यायचे, त्यांच्या तबेल्यांत शेकड्याने मोतद्दार आणि पोरं कामाला. मालवाहतुकीला १७९७ पासून कालव्यासारखी केलेली नदी होती आणि १८४६ मध्ये रेल्वे आली.

हे सगळं का सांगतेय? सेन्ससमध्ये पूर्वजापुढे 'ग्रूम', म्हणजे मोतद्दार, लिहिलंय आणि जन्म यॉर्कशायरचा दिसतोय तर दचकू नका, शिकारीच्या तबेल्यांत बाहेरची माणसं असायचीच. आणि तारखा बघा. १८४१ चा सेन्सस झाला ६ जूनला, १८५१ चा ३० मार्चला. शिकारीचा सीझन साधारण नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत. म्हणजे ग्रूमचं काम करणारा माणूस १८५१ ला मेल्टनमध्ये सापडेल पण १८४१ ला मालकासोबत लंडनला किंवा मालकाच्या गावच्या इस्टेटीवर असेल, तो गायब झालेला नाही, सीझन संपलेला आहे एवढंच.

घरापासून सुरुवात

शोध नेहमी आजपासून मागे न्यायचा, मधली पिढी गाळायची नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, बायबलच्या पहिल्या पानावर जन्म-मृत्यू लिहिलेले असतात ते बघा, फोटोंच्या मागच्या बाजू बघा, जुनी सर्टिफिकेटं मागा. आणि प्रत्येक माहितीपुढे ती कुणी सांगितली किंवा कुठल्या कागदात मिळाली ते लिहा, सहा महिन्यांनी हेच उपयोगी पडतं.

विसाव्या शतकातून मागे जायला १९३९ चं रजिस्टर (युद्ध सुरू झाल्यावर सरकारने केलेली लोकांची नोंद) आणि १९२१ चा सेन्सस हे दोन पूल आहेत. १९३१ चा सेन्सस १९४२ मध्ये आगीत जळाला त्यामुळे तो शोधण्यात वेळ घालवू नका. १९११ चा मात्र अगदी मन लावून वाचा. त्याआधीच्या सेन्ससमध्ये घरोघरचे मूळ फॉर्म नष्ट झाले, आपल्याला दिसते ती गणना करणाऱ्याने वहीत उतरवलेली नक्कल, पण १९११ चा फॉर्म घरच्या माणसाने स्वतः भरलेला आहे, पणजोबांचं अक्षर बघायला मिळतं हो! शिवाय त्यात लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती जिवंत, किती गेली हे विचारलंय. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. सुरुवातीच्या काळात बरेच जन्म नोंदवायचे राहून जायचे, १८७५ पासून न नोंदवल्यास दंड बसायला लागला तेव्हा चित्र सुधारलं. इंडेक्स तिमाहीचा असतो, आणि तिमाही जन्माची नाही, नोंदणीची. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, त्यामुळे फेब्रुवारीअखेरचा जन्म जून तिमाहीत दिसू शकतो.

इंडेक्स दोन आहेत आणि दोन्ही वापरायचे. फ्रीबीएमडी हा स्वयंसेवकांनी टाइप केलेला, मोफत, शोधायला सोपा. दुसरा खुद्द जनरल रजिस्टर ऑफिसचा, म्हणजे जीआरओचा, अकाउंट काढावं लागतं पण शोध मोफत. जीआरओच्या इंडेक्सचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे १८३७ पासूनच्या जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव दिलंय, जुन्या छापील इंडेक्समध्ये ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे. मृत्यूचं वयही तसंच, जुन्या इंडेक्समध्ये १८६६ पासून, जीआरओच्या नव्या इंडेक्समध्ये पहिल्यापासून.

याचा उपयोग असा. नवऱ्याचं आडनाव, बायकोचं माहेरचं आडनाव आणि मेल्टन मोब्रे डिस्ट्रिक्ट एवढंच टाकून दोन-दोन वर्षांच्या टप्प्याने शोधत जा, त्या जोडप्याची सगळी मुलं एकेक करून समोर येतात, त्यात दोन सेन्ससच्या मधे जन्मून मधेच गेलेली बाळंही असतात ज्यांचं नाव कुठल्याच सेन्ससमध्ये नाही. १९११ च्या फॉर्मवरचा आकडा यांच्याशी जुळवून बघा. आठ मुलं, पाच जिवंत असं लिहिलं असेल तर ती तीन नावं सापडेपर्यंत थांबू नका, त्यांचंही त्या घरात स्थान आहे. आईच्या आडनावाची जागा रिकामी असेल तर बहुधा आईचं लग्न झालेलं नव्हतं.

सर्टिफिकेट मागवताना पैसे जपून. जुन्या जन्म आणि मृत्यूच्या बऱ्याच नोंदींची डिजिटल इमेज साधारण तीन पौंडांत लगेच मिळते, पूर्ण कागदी सर्टिफिकेट बरंच महाग पडतं. ऑर्डर देण्याआधी सध्याचे दर साइटवर बघून घ्या. जीआरओचा व्हॉल्यूम-पान नंबर स्थानिक रजिस्टर ऑफिसला चालत नाही, त्यांचे नंबर वेगळे असतात. जन्माच्या नोंदीत वेळ लिहिलेली असेल तर जुळं असण्याची शक्यता लगेच तपासा.

लग्नाचं सर्टिफिकेट सगळ्यात मोलाचं, त्यातून एकदम दोन घराणी मिळतात. वयाच्या ठिकाणी 'फुल एज' असेल तर एवढंच समजायचं की २१ किंवा जास्त. वडिलांचं नाव आणि धंदा असतो, पण वडील हयात नसले तरी तसं लिहिलेलंच असेल असं नाही. साक्षीदारांची नावं वाचल्याशिवाय पान बंद करू नका, ते पुष्कळदा भाऊ, बहीण किंवा मेहुणा निघतात, आणि बहिणीचं लग्नानंतरचं आडनाव तिथूनच कळतं. सहीऐवजी फुली असेल तर लिहिता येत नव्हतं असं समजतात. चर्चमध्ये लग्न झालं असेल तर हीच सगळी माहिती चर्चच्या रजिस्टरमध्ये असते आणि लेस्टरशायरची बरीच पॅरिश रजिस्टरं (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर मूळ पानांच्या फोटोसकट आहेत, मग जीआरओला पैसे कशाला द्यायचे, शिवाय इथे सह्या खऱ्या हाताच्या असतात.

सेन्सस नीट वाचायचा म्हणजे कसा

नावानिशी सेन्सस १८४१ पासून, मग दर दहा वर्षांनी. १८४१ मध्ये नाती लिहिलेली नाहीत, १५ वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं असा नियम होता, म्हणजे ३८ चा माणूस ३५ चा दिसतो, आणि जन्मस्थळाच्या जागी फक्त याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जन्म झाला का, हो किंवा नाही. घरात एक पुरुष, एक बाई आणि चार मुलं दिसली तर ते नवरा-बायकोच असतील असं धरू नका, भाऊ-बहीणही असू शकतात. १८५१ पासून नातं, वैवाहिक स्थिती, वय, धंदा, जन्माची काउंटी आणि पॅरिश सगळं येतं. १८८१ चा सेन्सस फॅमिलीसर्च या वेबसाइटवर मोफत शोधता येतो, नवशिक्याने तिथून सुरुवात करावी.

एक सवय लावून घ्या, आपलं घर सापडलं की मागची दोन पानं आणि पुढची दोन पानं वाचायची. बाजारगावात सासर-माहेर एकाच गल्लीत असायचं, विधवा आई तीन घरं सोडून राहायची, 'लॉजर', म्हणजे पोटभाडेकरू, म्हणून लिहिलेला तरुण पुढे जावई झालेला दिसतो. घरातल्या नातवाचं आडनाव वेगळं असेल तर ती एखाद्या मुलीच्या सासरची खूण. आणि 'सन-इन-लॉ' म्हणजे त्या काळी जावईही आणि सावत्र मुलगाही, वय बघून ठरवायचं.

आता जन्मस्थळाबद्दल. एकच माणूस १८५१ ला ॲस्फर्डबी सांगतो, १८६१ ला मेल्टन, १८७१ ला परत ॲस्फर्डबी. मेल्टनमध्ये राहताना तो आपलं खेडं सांगणार कारण तिथल्या प्रत्येकाला ॲस्फर्डबी माहीत, पण कामासाठी लंडनला गेला की तिथल्या गणना करणाऱ्याला जवळचं मोठं गाव सांगणार. त्यामुळे लंडनच्या सेन्ससमध्ये 'मेल्टन' दिसलं तर आसपासची सगळी खेडी तपासावी लागतात, स्कॅल्फर्ड, थॉर्प अर्नोल्ड, ग्रेट डाल्बी, फ्रिस्बी, वॉल्थम. उलट नुसतं 'मेल्टन' लिहिलं असेल आणि काउंटी नसेल तर सफोकमध्ये एक मेल्टन आहे, नॉरफोकमध्ये मेल्टन कॉन्स्टेबल आहे, तेही डोक्यात ठेवा.

नाव सापडत नसेल तर स्पेलिंग सैल करा. गणना करणारा जसं ऐकू येईल तसं लिहायचा, सुरुवातीचा 'ह' उच्चारात गळायचा, मग हॉप्किन्सन हे ऑप्किन्सन म्हणून 'ओ' मध्ये जाऊन बसतं. आडनाव अजिबात न टाकता नुसतं पहिलं नाव, वय, जन्मगाव टाकून शोधा, किंवा घरातल्या सगळ्यात वेगळ्या नावाच्या मुलाला शोधा, मेरीपेक्षा कीझाया पटकन सापडते.

एकाच नावाचे दोघं उमेदवार समोर आले तर

हे होणारच. अशा वेळी ज्याची तारीख जास्त जवळची तो उचलायचा नाही, दोघांचंही आयुष्य पुढे नेऊन बघायचं. एक थॉमस दोन महिन्यांचा असताना वारला असेल, जीआरओच्या मृत्यू इंडेक्समध्ये वय शून्य म्हणून सापडेल, संपला प्रश्न. किंवा दुसरा थॉमस १८६१ ला आईबापांजवळ अविवाहित आहे आणि तुमचा त्याच रात्री लेस्टरला बायको-पोरांसह आहे, म्हणजे दोघं वेगळे. दुसऱ्यांनी ऑनलाइन टाकलेल्या वंशावळी इशारा म्हणून बघा, पुरावा म्हणून नाही, एकाची चूक चाळीस जणांनी उतरवलेली असते आणि चाळीस ठिकाणी दिसते म्हणून ती खरी वाटायला लागते.

१८३७ च्या मागे, चर्चची रजिस्टरं

मेल्टनचं मुख्य चर्च सेंट मेरीज. पण जुन्या मेल्टन पॅरिशमध्ये बर्टन लेझर्स, फ्रीबी, सायसनबी आणि वेल्बी इथली छोटी चॅपलंही येत होती, त्यामुळे नोंद सेंट मेरीजला नाही म्हणून थांबू नका. १८१३ पासून बाप्तिस्म्याचं रजिस्टर छापील फॉर्मवर आहे, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि वडिलांचा धंदा हमखास असतो, दफनाच्या नोंदीत वय असतं. त्याआधीच्या नोंदी बऱ्याचदा एका ओळीच्या. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, काही घरांत चार मुलांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेला दिसतो, त्यात थोरला नऊ वर्षांचा असतो. मूळ रजिस्टर खराब असेल तर दरवर्षी बिशपकडे जाणारी नक्कल बघा, कधी कधी तिच्यात मूळ रजिस्टरात राहिलेली नावंही मिळतात.

सगळे लोक सरकारी चर्चचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, नव्हते. मेथडिस्ट, इंडिपेंडंट, बॅप्टिस्ट, क्वेकर यांची स्वतःची रजिस्टरं होती आणि १८३७ नंतर त्यातली बरीचशी सरकारने मागवून घेतली, ती आता लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे सरकारी दफ्तरखान्यात, आरजी ४ या मालिकेत आहेत, क्वेकरांची आरजी ६ मध्ये. गंमत अशी की क्वेकर आणि ज्यू सोडले तर १७५४ ते १८३७ दरम्यान लग्न मात्र सगळ्यांना सरकारी चर्चमध्येच करावं लागायचं. म्हणून लग्न सेंट मेरीजला आणि मुलांचा एकही बाप्तिस्मा तिथे नाही असं दिसलं की चॅपलकडे वळा.

१८५० च्या दशकात गावोगावची चर्चची दफनभूमी भरत आली आणि नवीन सार्वजनिक स्मशानभूमी निघाल्या. त्यांची रजिस्टरं चर्चकडे नसतात, नगर काउन्सिलकडे किंवा आर्काइव्हमध्ये विचारावं लागतं. थडगं दिसलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका, गरिबांना दगड परवडायचा नाही, पण रजिस्टरमध्ये जागेचा नंबर असतो.

गरिबांचे कागद

आपले पूर्वज गरीब होते म्हणजे काही सापडणार नाही असं लोकांना वाटतं, पण बरेचदा उलटच असतं. मदत मागायला आलेला माणूस कुठल्या पॅरिशचा, त्याला पोसायचं कुणी, यावरून भांडणं व्हायची आणि त्यासाठी त्याचा जबाब घेतला जायचा. या जबाबाला सेटलमेंट एक्झामिनेशन म्हणतात आणि तो मिळाला तर त्यात अख्खं आयुष्य असतं, जन्म कुठे, वडील कुठले, कितव्या वर्षी कुणाकडे नोकरीला राहिला, वर्षाचा पगार काय, लग्न कुठे झालं. १८३४ पर्यंत अविवाहित माणसाने एका मालकाकडे पूर्ण वर्ष काम केलं की त्याला त्या पॅरिशकडून मदत मागायचा हक्क मिळायचा, म्हणून काही मालक मुद्दाम ५१ आठवड्यांसाठीच ठेवायचे. असल्या जबाबात माणूस स्वतःचं आयुष्य स्वतः सांगतोय, त्याच्या वर्गातल्या माणसाचं बोलणं दुसरीकडे फारसं टिकलेलं नाही, त्यामुळे पॅरिशचे हे कागद आवर्जून मागवून वाचाच.

१८३४ च्या गरिबांच्या मदतीच्या नव्या कायद्यानंतर पॅरिश एकत्र करून त्यांचे गट, म्हणजे युनियन, झाल्या. मेल्टनचं वर्कहाऊस, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घ्यायची जागा, १८३६ मध्ये थॉर्प रोडवर उभं राहिलं, पुढे तिथेच सेंट मेरीज हॉस्पिटल झालं. त्यामुळे विसाव्या शतकातला मृत्यू त्या पत्त्यावर दिसला तर माणूस कंगालच होता असं नाही, आजारी असेल. युनियनचा लंडनशी झालेला पत्रव्यवहार नॅशनल आर्काइव्हजमध्ये एमएच १२ मालिकेत आहे.

मृत्युपत्रं, डिरेक्टऱ्या, पेपर, नकाशे

मृत्युपत्रांसाठी एकच तारीख पाठ करा, १२ जानेवारी १८५८. त्यानंतरची सगळी राष्ट्रीय प्रोबेट कॅलेंडरमध्ये, म्हणजे मंजूर मृत्युपत्रांच्या यादीत, वर्षवार, त्याआधीची चर्चच्या कोर्टात, मेल्टनसाठी म्हणजे लेस्टरच्या आर्चडीकनचं (बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं) कोर्ट, आणि मालमत्ता जास्त किंवा विखुरलेली असेल तर कँटरबरीचं, जे नॅशनल आर्काइव्हजमध्ये प्रॉब ११ म्हणून आहे. दुकानदार, बेकर, छोटा शेतकरी यांनीही मृत्युपत्रं केलीत, नुसती श्रीमंतांची नसतात.

धंदेवाल्यांसाठी डिरेक्टऱ्या, म्हणजे गावोगावच्या धंदेवाल्यांच्या नावांची छापील पुस्तकं. लेस्टरशायरसाठी विल्यम व्हाइटच्या १८४६, १८६३, १८७७ च्या आहेत, पिगॉट आणि केलीच्याही आहेत, आणि लेस्टर विद्यापीठाच्या साइटवर जुन्या डिरेक्टऱ्या मोफत वाचता येतात. कुठल्या खेड्याहून कुणाची गाडी कुठल्या दिवशी मेल्टनच्या कुठल्या खाणावळीसमोर थांबायची त्याची यादी असते, ती वाचली की त्या खेड्यातली मुलगी मेल्टनच्या मुलाला कशी भेटली असेल ते डोळ्यांसमोर येतं. मेल्टनला सनद मिळालेल्या शहराची (बरोची) नगरपालिका नव्हती, गावकऱ्यांची टाउन इस्टेट नावाची जुनी संस्था बाजार आणि जमिनी सांभाळायची आणि आजही आहे. त्यामुळे दुसऱ्या गावांत मिळतात तशा फ्रीमनच्या (शहराचे खास हक्क मिळालेल्या नागरिकांच्या) याद्या इथे शोधू नका.

पेपरांसाठी ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह. लेस्टर क्रॉनिकल, लेस्टर जर्नल, स्टॅमफर्ड मर्क्युरी यांत मेल्टनच्या बातम्या यायच्या. नावाने शोधून थकलात तर रस्त्याचं नाव किंवा धंदा आणि 'मेल्टन' टाका. मृत्यूच्या सर्टिफिकेटवर कोरोनर (अचानक किंवा अपघाती मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) माहिती देणारा म्हणून असेल तर पेपर बघाच, कारण कोरोनरचे कागद फारसे टिकले नाहीत पण चौकशीची बातमी शेजाऱ्यांच्या जबान्यांसकट छापून यायची. नकाशे स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर मोफत आहेत, २५ इंची सर्व्हेवर (एका मैलाला २५ इंच) घर, अंगण, विहीर वेगळी दिसते.

आर्काइव्हला जाताना

मेल्टनचे मूळ कागद लेस्टरशायर, लेस्टर आणि रटलँडच्या रेकॉर्ड ऑफिसकडे येतात, ते विगस्टनला आहे, पण निघण्याआधी सध्याची जागा, वेळ आणि बुकिंग साइटवर बघून घ्या. ओळखपत्र न्या, पेन चालत नाही, पेन्सिल न्या. कॅटलॉगमधले नंबर घरूनच काढून ठेवा. आणि सबस्क्रिप्शन घेण्याआधी गावच्या पब्लिक लायब्ररीत विचारा, इंग्लंडमधल्या बऱ्याच लायब्रऱ्यांत ॲन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट तिथे बसून फुकट वापरता येतं.

माणूस सेन्ससमधून नाहीसाच झाला तर

बाई असेल तर पुनर्विवाह तपासा. पुरुष तरुण असेल तर सैन्य तपासा, आणि इथे आपला महाराष्ट्र येतो. कितीतरी शेतमजूर पोरं पलटणीत भरती होऊन पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगरला आली, आणि १८५३ नंतर रेल्वेच्या कामाला आलेले फिटर आणि ड्रायव्हर इगतपुरी, भुसावळला राहिले. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं दरवर्षी लंडनला कळवली जायची, ती ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन ३ मालिकेत आहेत आणि बरीचशी फाइंडमायपास्टवर शोधता येतात. मेल्टनच्या १८७१ च्या सेन्ससमध्ये न सापडणारा मुलगा खडकीच्या लग्नाच्या नोंदीत वडिलांच्या नावासह सापडू शकतो.

ज्यांचे पूर्वज भारतातल्या अँग्लो-इंडियन घरांतले आहेत त्यांनी हाच रस्ता उलटा चालायचा. पेन्शनवर सुटलेल्या शिपायांचे कागद नॅशनल आर्काइव्हजच्या डब्ल्यूओ ९७ मालिकेत आहेत, त्यात जन्माची पॅरिश, जवळचं गाव आणि काउंटी अशा तीन वेगळ्या जागा भरलेल्या असतात, शिवाय उंची, केसांचा रंग आणि भरती होण्याआधीचा धंदा. ती पॅरिश हातात आली की तिथल्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये भरतीच्या वेळचं वय वजा करून दोन वर्षं मागेपुढे शोधायचं, त्याच नावाची सगळी मुलं वहीत उतरवायची आणि त्यातली कोणकोण पुढच्या सेन्ससमध्ये गावातच दिसतात ते खोडत जायचं.